ऑडिशनचे फोटो, एक फ्लॅश आणि पिस्ता रंगाच्या भिंती

सांगलीत नाटक करणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली येथे मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला, त्यामुळे गावाला नाट्यपंढरी म्हणतात आणि हौशी राज्य नाट्य स्पर्धेचे दिवस जवळ आले की आजही रात्री उशिरापर्यंत तालमी चालतात. अलीकडे सातारा-वाई भागात मालिकांची चित्रीकरणे वाढल्यापासून या मंडळींना ऑडिशनसाठी फोटो पाठवावे लागतात आणि त्यांच्याकडे असतात ते बहुधा लग्नातले किंवा सत्कारातले. मी मार्केट यार्डातील एका हळदीच्या पेढीत हिशेब लिहिते. फोटोग्राफी हा छंद. ओळखीच्या एका हौशी संस्थेतील कलाकारांचे फोटो काढून देण्याचे मी कबूल केले तेव्हा जागा होती आमच्या घरातील दहा बाय बाराची खोली आणि साहित्यावर खर्च करण्याची मर्यादा होती माझ्या एका पगाराची.

पहिला प्रश्न लेन्सचा आला. माझा कॅमेरा कॅननचा, एपीएस-सी सेन्सरचा (म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीहून लहान सेन्सरचा) आणि वापरलेला घेतलेला आहे. पोर्ट्रेटसाठी ८५ मिलिमीटरची लेन्स घ्या, असा सल्ला सगळीकडून मिळतो, परंतु तो देताना खोलीची लांबी कोणी विचारत नाही. या सेन्सरवर ८५ची लेन्स १३६ मिलिमीटरसारखी वागते, म्हणजे तिच्यात दृश्य आणखी कमी मावते. कमरेपर्यंतचा फोटो घ्यायला तिच्यासाठी साडेनऊ फुटांच्या आसपास मागे सरकावे लागते आणि पूर्ण उभ्या माणसासाठी तेवीस फूट. ५० मिलिमीटरची लेन्स तेच कमरेपर्यंतचे काम साडेपाच-सहा फुटांत करते. शिवाय चेहऱ्याची ठेवण लेन्सच्या आकड्यावरून ठरत नाही, ती आपण किती अंतरावर उभे आहोत यावरून ठरते. दोन फुटांवरून काढले तर नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसणार, सहा फुटांवरून काढले तर चेहरा नेहमी दिसतो तसा दिसणार. त्यामुळे मी ५० मिलिमीटर एफ १.८ घेतली (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते). जुन्या बाजारात हिचे दोन प्रकार भेटतात. १९९०पासूनच्या जुन्या प्रकाराचा माउंट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारे कडे, प्लॅस्टिकचा आणि अ‍ॅपर्चरची (प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राची) पाती पाचच, म्हणून मागचे दिवे पंचकोनी उमटतात. २०१५ साली आलेल्या एसटीएम या नव्या प्रकाराचा माउंट धातूचा, पाती सात, आणि ती ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस होते. थोडे अधिक पैसे गेले तरी दुसरीच घ्यावी, असे माझे मत आहे.

गंमत अशी की ज्या एफ १.८साठी लोक ही लेन्स घेतात, ते मी या कामात जवळपास वापरलेच नाही. पाच फुटांवर एफ १.८ला स्पष्टतेची खोली जेमतेम सहा सेंटिमीटर मिळते; मान जराशी वळवली की एक डोळा स्पष्ट आणि दुसरा पुसट. पात्रनिवड करणाऱ्याला चेहरा पाहायचा असतो, मागची धूसर रांगोळी नाही. मी एफ ४ ते एफ ५.६च्या दरम्यान राहिले, जिथे ही स्वस्त लेन्स कडेपर्यंत चोख काम देते. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स ५५ मिलिमीटरला नेली की तिची सुरुवातच एफ ५.६पासून होते, म्हणजे थोडी बंद करून तिला सुधारायला वावच उरत नाही. पूर्ण उभ्या फोटोंसाठी मात्र ५०लाही तेरा फुटांहून अधिक अंतर लागते, आणि ते सगळे आमच्या वाड्याच्या सोप्यात, म्हणजे ओसरीत, काढावे लागले.

प्रकाशासाठी गोडॉक्सचा टीटी६०० हा साधा मॅन्युअल (ताकद हाताने ठरवायचा) फ्लॅश, तो कॅमेऱ्यावरून बिनतारी उडवणारा त्याच कंपनीचा रेडिओ ट्रिगर, एक हलका स्टँड आणि प्रकाश आरपार जाऊ देणारी पांढरी छत्री एवढेच घेतले. फ्लॅश चार पेन्सिल सेलवर चालतो, त्यामुळे वीज गेली तरी काम थांबत नाही. कामाची रीत अशी ठेवली: आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १००, शटर १/१६० सेकंद, अ‍ॅपर्चर एफ ५.६ ठेवून आधी फ्लॅशशिवाय एक फोटो काढायचा आणि तो पूर्ण काळा येतो याची खात्री करायची. तसा आला म्हणजे खोलीतील एलईडी दिव्यांचा हिरवट-पिवळट रंग कातडीवर येणार नाही. मग छत्री चेहऱ्यापासून तीन फुटांवर, कॅमेऱ्याच्या एका बाजूस, डोळ्यांच्या पातळीहून वर आणून फ्लॅशची ताकद वाढवत न्यायची. डोळ्यातली चमक घड्याळातल्या दहा किंवा दोनच्या जागी दिसली की उंची बरोबर. छत्री लांब नेली तर ती चेहऱ्याच्या मानाने लहान ठरते आणि सावल्या करकरीत होतात. जवळ आणली की त्याच सावल्या विरघळतात. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा खुर्चीला टेकवून उभा केला. गोल चेहऱ्याच्या एका मुलाला तोच पत्रा काढून त्या जागी काळी शाल धरली, तेव्हा त्याची गालफडे दिसू लागली.

अंतराचा हिशेब मागच्या भिंतीलाही लागू पडतो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो. माणूस भिंतीपासून तीन-चार फूट पुढे बसला आणि छत्री त्याच्या तीन फुटांवर असली, की पांढरी भिंत आपोआप करडी उमटते आणि करडा कागद विकत आणावा लागत नाही. आमच्या घरी पांढरी भिंत मात्र एकच, बाकीच्या तीन पिस्ता रंगाच्या. छत्रीतून प्रकाश चहूकडे पसरतो, भिंतीवर आपटून परत येतो आणि येताना रंग घेऊन येतो. पहिल्या फोटोंत प्रत्येकाच्या जबड्याखाली आणि मानेवर फिकट हिरवी छटा दिसत होती. संगणकावर ती घालवू गेले तर ओठ जांभळे पडत. शेवटी वडिलांची दोन पांढरी धोतरे बाजूच्या भिंतींवर दोरीने ताणली आणि छटा गेली. त्यातले एक पुढे दुपारी खिडकीला लावले, तेव्हा फ्लॅश बंद ठेवूनही उत्तम मऊ प्रकाश मिळाला.

मॅन्युअल फ्लॅशचा एक फायदा मला कामातच कळला. पडणारा प्रकाश सगळ्यांवर सारखा असतो, म्हणून एकदा मांडणी बसली की गोरा गोरा आणि सावळा सावळाच येतो. कॅमेऱ्याच्या ऑटो मापनावर सोडले तर तो प्रत्येक दृश्याला मधल्या करड्या रंगाकडे ओढतो. सावळ्या कातडीवर चेहऱ्याचे चढउतार सावलीपेक्षा तुकतुकीतून दिसतात, त्यामुळे तिथे फ्लॅशची ताकद वाढवण्याऐवजी छत्री अर्धा फूट जवळ आणि थोडी बाजूला घ्यावी. “ताई, जरा उजळ करा ना,” ही विनंती बऱ्याच जणांकडून आली आणि मी ती मानली नाही. तोंडावरचा फोड पुसला, कारण तो आठवड्याने जाणार होता. तीळ, व्रण आणि रंग ठेवले, कारण निवड झाली तर माणूस ते घेऊनच सेटवर जाणार. चष्मेवाल्यांसाठी चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित उचलायला सांगितल्या. काच खाली झुकते आणि छत्रीचे प्रतिबिंब डोळ्यांवरून निघून जाते.

कलाकार हे सोपे मॉडेल असतील, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात रंगमंचावरच्या नटाचा चेहरा शेवटच्या रांगेसाठी घडलेला असतो आणि सहा फुटांवरून तो ओरडल्यासारखा दिसतो. संस्थेतले ज्येष्ठ काका, ज्यांच्या एका भुवईवर नाट्यगृहात टाळी पडते, ते कॅमेऱ्यापुढे भुवई खाली घेईनात. मी त्यांना म्हटले, “काका, तुमचं आवडतं स्वगत म्हणा, पण शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपलंय असं समजून.” ते पुटपुटू लागले, चेहरा सैल झाला, वाक्य संपल्यावर पुढचे आठवण्यापूर्वी जो क्षण जातो त्यात मी बटण दाबत गेले. इतरांनाही मग ‘हसा’, ‘गंभीर व्हा’ असे सांगणे सोडून परिस्थिती दिली: भावाचा फोन येणार आहे, काय बातमी आहे ते ठाऊक नाही. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणारा चेहरा चांगला येतो. अंगाच्या सूचना थोड्याच लागतात. हनुवटी थोडी पुढे आणि किंचित खाली, भार मागच्या पायावर, खांदे कॅमेऱ्याला तिरके. या सूचना मी स्वतः आरशासारखे करून दाखवत असे. पदर किंवा केस नीट करायचे तर त्यांच्याच हातात आरसा द्यायचा, हात लावायचा नाही.

मुलींच्या घरच्यांना शंका असतात, आणि त्या रास्तच आहेत. सोबत कुणीतरी यावे, दार उघडे राहील आणि कपडे तुमचे तुम्हीच ठरवा, हे मी आधीच कळवत असे. पैसे घ्यायचे नाहीत, त्याबदल्यात काही फोटो मला माझ्या कामाचा नमुना म्हणून वापरता यावेत, असे ठरले होते. ते एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची सही घेतली. संस्थेतील काहींना हा कागद अविश्वासाचा वाटला. पण कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे कुणी मोबदला देऊन स्वतःसाठी फोटो काढवून घेतला आणि वेगळा करार नसला, तर प्रथम मालकी त्या ग्राहकाची होते; मोबदला नसेल तर ती सहसा छायाचित्रकाराकडे राहते. म्हणजे फुकटच्या कामातच समोरच्याचे हात रिकामे राहण्याचा धोका अधिक. हे समजावून सांगितल्यावर काकांनीच सगळ्यांना सह्या करायला बसवले.

बाहेरचे फोटो कृष्णेच्या घाटावर सकाळी काढले. गाव नदीच्या पूर्वेला असल्याने त्या वेळी घाटावर झाडांची आणि इमारतींची सावली असते आणि समोर पश्चिमेचे मोकळे आकाश. माणसाचे तोंड नदीकडे केले की एवढी मोठी मऊ खिडकी कुठल्याही स्टुडिओत मिळत नाही. संध्याकाळी बघ्यांची गर्दी होते, म्हणून ती वेळ टाळली.

फोटो देताना प्रत्येकाला मोजकेच दिले, कारण पात्रनिवड करणारे चाळीस फोटो उघडत नाहीत. व्हॉट्सॲपवर साधे पाठवले की फाइल दाबली जाते आणि डोळ्यांतला तपशील जातो, म्हणून ते डॉक्युमेंट म्हणून पाठवले आणि फाइलच्या नावात कलाकाराचे नाव, वय व उंची घातली. काकांनी वय घालू दिले नाही.