ठिबक आहे, पण पाणी वाचतंय का?

पाणी वाचवणाऱ्या घरगुती बागांच्या स्पर्धेचं परीक्षण मे महिन्यातच व्हावं, असं मी नेहमी सांगतो. ऑगस्टात मुंबईतली कुठलीही कुंडी पास होते. यंदा मे मिळाला, आणि मुलुंडची एक गच्ची अजून डोक्यातून जात नाही.

साठ कुंड्या, ठिबक, टायमर, मातीवर नारळाच्या सोडणांचे तुकडे. गुणपत्रिकेत ठिबकला वीस गुण. सहपरीक्षकांनी ते बघताक्षणी देऊन टाकले. मी मापाचं भांडं काढलं. ड्रिपरखाली, म्हणजे कुंडीत थेंब सोडणाऱ्या तोटीखाली, ते सहा मिनिटं धरायचं आणि आलेल्या पाण्याला दहाने गुणायचं, की ताशी दर मिळतो. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरमधून ४०० मिली यायला हवं. पहिल्या कुंडीत आलं १८०, शेवटच्या कुंडीत ७०.

टाकी गच्चीपासून जेमतेम दोन मीटर उंच. मीटरमागे ०.१ बार, म्हणजे दाब ०.२ बार. साधा ड्रिपर आपला दर १ बारला देतो. बसवणाऱ्याने दाब मोजलाच नव्हता. हे लोक पाइप फुटावर विकतात आणि निघून जातात. शेवटचे नेचे सुकायला लागले म्हणून मालकांनी टायमर दोन वेळा तासतासभर लावला. त्यामुळे पहिल्या कुंडीला रोज साडेतीन लिटरच्या वर पाणी, आणि त्या कुंडीत होतं अडेनियम, कमी पाण्याचं झाड! बुंधा दाबला तर मऊ लागला. खालची बशी काठोकाठ भरलेली, म्हणजे डासांचीही सोय.

उपाय महागडा नाही. पाइपचं शेवटचं टोक बुचाने बंद न करता सुरुवातीला आणून जोडायचं, म्हणजे दोन्हीकडून पाणी येतं. जास्त पाणी पिणारे नेचे, अरेका पाम एका लाइनवर. अडेनियम, बोगनवेल दुसऱ्या. दोन्हींना वेगळे कॉक. फिल्टरची जाळी वरचेवर धुवायची.

त्याच दिवशी गिरगावातल्या एका चाळीची गॅलरी पाहिली. काकू तांदळाचं धुवण आणि एसीच्या नळीखालच्या बादलीतलं पाणी तांब्याने घालतात, तेही बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच. एसीच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळे कुंड्यांच्या काठांवर पांढरा थर नव्हता. बशा कोरड्या. ठिबकच्या रकान्यात मात्र शून्य.

पहिला क्रमांक गच्चीला गेला. मालकांनी मनापासून खर्च केला होता, त्यांना दोष देववत नाही. पण पत्रिका नळ्या मोजते, पाणी मोजत नाही. आयोजकांना मी नवा रकाना लिहून दिला आहे: पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने बशीत किती मिली उरलं.