रेघेखालचे सामान आधी

सांगलीत घरसामान हलवण्याचा व्यवसाय मी बरीच वर्षे करतो आहे. बांधाबांध कोठून सुरू करावी, याचे या व्यवसायातले उत्तर ठरलेले आहे: जे रोज लागत नाही ते आधी बांधावे. म्हणजे माळ्यावरच्या ट्रंका, दिवाळीची भांडी, पाहुण्यांच्या गाद्या, मग बैठकीची खोली आणि सर्वांत शेवटी स्वयंपाकघर. २०२१ च्या जूनमध्ये गावभागातल्या एका जुन्या घराची पाहणी करायला गेलो, तेव्हा घरच्या बाईंनी हा क्रम शांतपणे ऐकून घेतला, मला जिन्याखाली नेले आणि भिंतीवरची मातकट रेघ दाखवली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि त्या पाण्याने या घरात सोडलेली ही खूण माझ्या छातीइतक्या उंचीवर होती. त्या म्हणाल्या, "आमचं घर खोल्यांप्रमाणे बांधू नका, या रेघेप्रमाणे बांधा. रेघेखाली आहे ते आधी, वरचं मागाहून."

बाई निवृत्त शिक्षिका होत्या. घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई अशा दोघीच राहत होत्या, मुलगा पुण्यात नोकरीला होता. विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर त्यांनी फ्लॅट घेतला होता. परंतु करोनाच्या निर्बंधांमुळे ओट्याचे आणि फर्निचरचे काम लांबले होते, आणि ते संपेपर्यंत आषाढ लागणार होता. आषाढात नव्या घरात पाऊल टाकायचे नाही, यावर आजी ठाम होत्या. त्यामुळे सामान हलवण्याची तारीख श्रावणातली ठरली. नदीकाठच्या घरासाठी ही तारीख अवघड होती, कारण सांगलीत पुराची भीती असते ती नेमकी जुलै-ऑगस्टमध्ये. आजींच्या श्रद्धेला धक्का न लावता पुराच्या आधी तयार राहायचे कसे, याचा विचार बाईंनी माझ्या आधीच करून ठेवला होता. तारीख श्रावणातली असली, तरी रेघेखालचे सामान आषाढ लागण्यापूर्वी बांधून, उचलण्याजोगे होऊन दाराशी असले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि मला ते मनापासून पटले.

तयारीचा आरंभ मात्र आम्ही नव्या घरापासून केला. जुन्या घरात काय काय आहे, हे मोजण्याआधी नव्या घरात काय मावेल आणि जिन्याच्या वळणावरून काय वर जाईल, हे मोजावे लागते. आम्ही दारांची रुंदी, जिन्याचे वळण, फ्रीजची जागा आणि पलंगाची भिंत टेपने मोजून चौकटीच्या वहीत उतरवली. सागवानी पलंग खोलून नेता येत होता. पण बैठकीतले मोठे काचेचे कपाट खोलता येण्यासारखे नव्हते आणि ते त्या वळणावर कोणत्याही रीतीने फिरणार नव्हते. ते बाईंनी बुधगावच्या भाच्याला देऊन टाकले. नेमके हेच निर्णय लोक शेवटच्या दिवसापर्यंत टाळतात, आणि मग जिन्यात कपाट अडकलेले असताना सगळे कुटुंब वाद घालत उभे राहते. काय न्यायचे नाही, हे घरच्यांनीच ठरवायचे असते. ते काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येत नाही, म्हणून त्याला वेळ दिला पाहिजे.

वहीत प्रत्येक खोक्याला क्रमांक होता, आत काय आहे हे होते आणि नव्या घरातली खोली होती. रेघेखालच्या खोक्यांवर बाईंनी दोन बाजूंना लाल खडूने फुली मारली. एकाच बाजूला लिहिलेले खोके थप्पीत उलटे बसले की त्याचा उपयोग संपतो. पुस्तके छोट्या खोक्यांत भरली, कारण मोठ्या खोक्यातली पुस्तके एका माणसाला उचलत नाहीत आणि ओल्या पुठ्ठ्याचा तळ आधी फाटतो. काचेच्या बशा आडव्या न रचता कागदात गुंडाळून उभ्या ठेवल्या. आडव्या रचल्या तर वरच्या बशांचा भार आणि गाडीचे धक्के मिळून खालच्या बशा फोडतात. कागदपत्रे मात्र खोक्यात गेलीच नाहीत. २०१९ मध्ये घराचे खरेदीखत आणि मुलाची प्रमाणपत्रे भिजली होती आणि बाईंनी ती दोरीवर वाळत घातली होती. या वेळी मालमत्ता पत्रक, खरेदीखत, रेशनकार्ड, बँकेची पुस्तके, आजींची औषधे आणि दागिने एका पिशवीत होते. ती पिशवी त्या स्वतः नेणार होत्या, आणि आम्हीही प्रत्येक घराला हेच सांगतो.

एका गोष्टीवर आमची पुष्कळ चर्चा झाली. दगडी जाते, पाटा-वरवंटा, तांब्याचा बंब, पितळी हंडे हे सर्व रेघेखालीच होते आणि सर्वांत जड होते. बाईंनी त्यांवरची फुली पुसून टाकली. पाण्याने त्यांचे काही बिघडत नाही, आणि ऐन घाईत चार माणसांचे बळ जात्यावर खर्च झाले तर तेवढ्या वेळात धान्य भिजेल, असे त्या म्हणाल्या. फ्रीज, धुलाई यंत्र, शिलाई यंत्र, इन्व्हर्टरची बॅटरी, गाद्या, धान्याचे डबे आणि खालच्या फळीवरची पुस्तके यांचा मान पहिला राहिला. आषाढ लागला तेव्हा फुलीची खोकी दर्शनी खोलीत बाकांवर रचलेली होती आणि पलंग खोलून भिंतीला टेकवलेला होता. दोघी उरलेल्या मोजक्या वस्तूंवर राहत होत्या. ते गैरसोयीचे होते, पण आजींनीही त्याबद्दल तक्रार केली नाही.

गुरुवारी, २२ जुलैला सह्याद्रीत पावसाने कहर केला. चिपळूण पाण्याखाली गेल्याच्या बातम्या आल्या, आणि महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडल्याचे नंतर समजले. कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात पडलेले पाणी खाली सांगलीकडे येणार, हे नदीकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे येथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. रात्री बाईंचा फोन आला, "उद्या उजाडताच या. फक्त फुलीचं."

निर्बंधांमुळे हमाल मोजकेच मिळाले. बोळात मोठी गाडी शिरत नव्हती, म्हणून छोटा हत्ती दाराशी लावला आणि मोठा टेम्पो रस्त्यावर उभा केला. पाऊस चालूच होता, त्यामुळे खोक्यांवर ताडपत्री धरून ती बोळातून न्यावी लागत होती. फ्रीज आदल्या रात्रीच रिकामा करून कोरडा केलेला होता. तो उभाच बांधला. बॅटरीही तिरपी होऊ न देता नेली, कारण तिच्यातले आम्ल सांडले तर इतर सामानाची हानी होते. गॅसचा सिलिंडर रेग्युलेटर काढून वेगळा, उभा नेला. बाई दारात वही घेऊन उभ्या होत्या आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक क्रमांकावर रेघ ओढत होत्या. कोणत्या खोक्यात काय आहे, असे त्या सकाळी कोणालाही विचारावे लागले नाही.

अडचण आली ती आजींची. आषाढातच सामान निघालेले पाहून त्या ओसरीवर बसून राहिल्या. बाईंनी वही माझ्या हाती दिली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. "आत्या, सामान नुसतं ठेवायला चाललंय. राहायला आपण श्रावणातच जायचं. दूध तेव्हाच उतू घालायचं, देवही तेव्हाच न्यायचे," त्या म्हणाल्या. आजींनी थोडा वेळ विचार केला, देव्हाऱ्यातले देव स्वतःच्या हाताने डब्यात घेतले आणि कुपवाडच्या नातेवाइकांकडे जायला त्या उठल्या. वादात जाऊ शकला असता तो वेळ वाचला, आणि आजींचा शब्दही राहिला.

फुलीची शेवटची खोकी गाडीत चढली तेव्हा शेजारच्या घरांत बांधाबांध नुकती सुरू झाली होती. तांदळाच्या पिंपात फोटोच्या तसबिरी आणि गादीच्या वळकटीत मिक्सर कोंबलेले मी पाहिले. त्या लोकांना दोष देण्याचे कारण नाही, हाताशी वेळच उरला नव्हता. आमच्या टेम्पोत जागा होती, म्हणून बाईंच्या सांगण्यावरून शेवटच्या खेपेत शेजाऱ्यांचे फ्रीज आणि धान्य घेतले आणि ते बाईंच्याच फ्लॅटमध्ये ठेवले. त्यानंतर मारुती चौक पाण्याखाली गेला आणि गावभागातून गाडी काढण्याचा प्रश्नच राहिला नाही. २५ जुलैच्या सुमारास पातळी ५४ फुटांच्या आसपास पोचली. बाईंच्या घरात पाणी २०१९ च्या रेघेच्या बरेच खाली राहिले, तरी फ्रीज, बॅटरी आणि खालच्या फळ्या बुडाल्या असत्या एवढे ते नक्कीच होते.

श्रावणात आम्ही पुन्हा गेलो. जाते, बंब आणि हंडे गाळाने माखले होते. ते धुऊन घेतले. माळ्यावरच्या ट्रंका आणि रेघेवरची खोकी या वेळी नेहमीच्या क्रमाने निघाली. नव्या घरात आधी आजी देव घेऊन आत गेल्या, नव्या ओट्यावर दूध उतू घातले गेले, आणि मगच आम्ही सामान वर चढवले. स्वयंपाकघराची खोकी वहीत पहिल्या पानावर होती, ती आधी उघडली. दुपारी पिठले-भात त्याच ओट्यावर शिजला आणि हमालांसह आम्ही सगळे तेथेच जेवलो.