टेबलाची प्लेट

आज कोल्हापूरच्या उद्यमनगरात घरच्या वेल्डिंग टेबलासाठी प्लेट आणायला गेलो. 6 एमएम पुरेल असं ठरवूनच निघालो होतो. दुकानातले काका म्हणाले, "गेट-ग्रिल करणार असशील तर सहाची तापून वाकते बघ." मग 10 एमएमची एमएस, म्हणजे साध्या पोलादाची प्लेट घेतली, 4 बाय अडीच फूट. वजन जवळपास 73 किलो! टेम्पोतून उतरवायला शेजारचे दोघे धावून आले.

टेबलाच्या पायांसाठी घरात जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप पडून होता, पण वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत जातो, म्हणून काळा चौकोनी पाइपच आणला. पाय जोडताना सलग न भरता इंच-इंचाचे टाके मारले, नाहीतर प्लेट ओढली जाते. शेवटी वर सरळपट्टी उभी धरली. मधे जेमतेम कागद सरकेल एवढीच फट. किती वेळ त्या प्लेटवरून हात फिरवत बसलो होतो!