ग्वाल्हेरची चांदीची आगगाडी: मुलांना घेऊन जयविलास बघताना

मुलांना खेळण्यांचं संग्रहालय दाखवायचं म्हटलं की आपल्याला दिल्लीचं बाहुल्यांचं संग्रहालय आधी आठवतं. ते छान आहेच. पण घरात आगगाडीवेडं मूल असेल तर मी म्हणेन, ग्वाल्हेरला जा. तिथल्या जयविलास राजवाड्यात, जेवणाच्या दालनात एकच खेळणं आहे, आणि त्या एका खेळण्यासाठी एवढा प्रवास सार्थकी लागतो.

आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई असे गेलो होतो. माझे मामा-मामी लष्करात, जनकगंजला राहतात. ज्यांना ग्वाल्हेरची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगते: लष्कर म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या छावणीभोवती वसलेलं शहर. तिथल्या जुन्या वाड्यांमधून अजून मराठी ऐकू येतं, हिंदीचा हेल घेतलेलं, आणि पाहुण्याला उपाशी न सोडणारं. त्यामुळे राहायचा प्रश्न आमच्यापुढे नव्हता. तुम्ही हॉटेल बघत असाल तर स्टेशन आणि महाराज बाडा (लष्करातला मुख्य चौक) यांच्या दरम्यान कुठेही बघा, राजवाडा हाताशी राहतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी. जयविलासचं संग्रहालय आठवड्यातून एक दिवस बंद असतं, तो वार आधी विचारून घ्या; किल्ल्याच्या पायथ्याचं गुजरी महालचं सरकारी संग्रहालय सोमवारी बंद असतं. दोन्ही बघायची असतील तर बंदचे वार टाळून तिकिटं काढा. मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम किंवा गोवा एक्सप्रेस थेट ग्वाल्हेरला थांबतात. इंदूरकरांना रात्रीची गाडी आहे. डिसेंबर-जानेवारीत मात्र उत्तरेकडचं धुकं गाड्यांना तासन् तास उशीर करतं, म्हणून पोहोचल्या पोहोचल्या राजवाडा बघायचा बेत ठेवू नका. मे महिन्यात लहान मुलांना नेण्याचा विचारही करू नका, पारा ४५च्या पुढे जातो. दसऱ्यानंतर ते होळीपर्यंतचा काळ चांगला.

राजवाडा १८७४चा. जयाजीराव शिंद्यांनी बांधवून घेतला, मायकेल फिलोज यांनी आराखडा केला. इंग्लंडचे युवराज भारत दौऱ्यावर येणार होते, त्यांच्या स्वागतासाठी ही सगळी तयारी. आजही शिंदे घराण्याचा मुक्काम इथेच असतो, संग्रहालयासाठी वाड्याचा एक भाग खुला केला आहे. तो भागसुद्धा मोठा आहे, एकामागून एक दालनं येतच राहतात. इथेच मुलांचा दम संपतो. सुरुवातीच्या पालख्या, फर्निचर, तसबिरी यांत फार रेंगाळू नका. तिथल्या माणसांना विचारून, मुलं ताजीतवानी असतानाच जेवणाचं दालन गाठा. बाकीचं नंतर निवांत बघता येतं.

दालनात शिरल्यावर आधी टेबलाची लांबी दिसते. मग लक्षात येतं की टेबलावर रूळ आहेत. पाहुण्यांच्या ताटांच्या आतल्या बाजूने टेबलभर फिरून येणारे, खऱ्याखुऱ्या रेल्वेसारखे रूळ. त्यावर चांदीची गाडी. पुढे इंजिन, मागे डबे, आणि एकेका डब्यावर एकेक इंग्रजी अक्षर, ती सगळी मिळून शिंद्यांचं 'सिंदिया' हे नाव होतं. डब्यांत काचेच्या सुरया बसवण्याची सोय. जेवण झालं की ही विजेवर चालणारी गाडी पाहुण्यांपुढून फिरायची. कुणाला मद्य हवं असेल, कुणाला सिगार, कुणाला सुकामेवा. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी जागच्या जागी थांबायची. ओतून घेऊन सुरई परत जागेवर ठेवली की पुन्हा चालू. कुणी वाढायला नको, कुणी 'पुढे सरकवा हो' म्हणायला नको.

आम्ही गेलो तेव्हा गाडी उभी होती. धाकट्याने त्याबद्दल कुरकुर केली नाही, उलट तो खाली वाकून चाकं बघत बसला. वजन गेलं की वीज तुटत असणार, असा त्याचा तर्क. थोरलीचं म्हणणं, सुरईच्या बुडाखाली बटण असणार. दोघांचा वाद तिथेच रंगला, आणि मला फार बरं वाटलं. राजवाड्यात आपण मुलांना सारखं 'किती मोठं, किती महाग' हेच सांगत फिरतो. ते त्यांच्या कानांवरून जातं. 'हे चालतं कसं?' एवढं विचारलं की मूल जागं होतं. म्हणून माझं सांगणं, या टेबलाशी मुलांना हवा तेवढा वेळ उभं राहू द्या. गर्दी मागून पुढे जाईल, जाऊ द्या. संग्रहालय उघडतानाच गेलात, सकाळी दहाच्या सुमाराला, तर हे जमतं. दुपारी सहलींच्या बस आल्या की टेबलाजवळ उभं राहायला जागा मिळत नाही.

सासूबाईंना गाडीपेक्षा काचेचा पाळणा आवडला. जन्माष्टमीला त्यात बाळकृष्णाला झोका देतात, हे कळल्यावर त्या तिथून हलेनात. वरचा दरबार हॉल मात्र सगळ्यांनीच बघावा. छताला दोन झुंबरं आहेत, प्रत्येकाचं वजन साडेतीन टन. एवढा भार छत पेलेल की नाही हे बघायला आधी छतावर हत्ती चढवले होते, असं सांगतात. वर जायचा जिना काचेच्या कठड्याचा आहे, मुलांचे हात तिकडे जातातच, धरून ठेवा. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांनी वर जायच्या आधी खालीच थोडं बसून घ्यावं. मराठ्यांच्या इतिहासावरचं दालन २०२२मध्ये नव्याने सुरू झालं आहे, तेही याच वाड्यात. राणोजी, महादजी ही नावं आपण पुस्तकात वाचतो, त्यांच्याच घरात उभं राहून वाचताना वेगळं वाटतं. त्यासाठी मोठ्यांनी वेळ राखून ठेवा. फोटो काढायला वेगळे पैसे पडतात का, ते तिकिटाच्या खिडकीवरच विचारून घ्या म्हणजे आत अडचण होत नाही.

आता या सहलीतला मला सर्वांत भावलेला भाग. तो संग्रहालयात नाही, मामांच्या घरी ऐकायला मिळाला. मुलांनी चांदीच्या गाडीचं वर्णन सुरू केलं तसे मामा म्हणाले, "अरे, त्याच महाराजांनी आमच्यासाठी पण गाडी काढली होती. छोटी लाईन!"

हे महाराज म्हणजे जयाजीरावांचे चिरंजीव माधवराव शिंदे; चांदीची गाडी त्यांचीच, आणि त्यांना रेल्वेचा मनापासून नाद होता. त्यांनी आपल्या संस्थानात दोन रुळांमध्ये जेमतेम दोन फूट अंतर असलेली रेल्वे घातली. ती वाढत वाढत १९०९पर्यंत श्योपूरला पोहोचली, जवळजवळ २०० किलोमीटर. स्वातंत्र्यानंतर ती भारतीय रेल्वेत आली आणि २०२०च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. तिथे आता ब्रॉडगेजचं काम चालू आहे, काही टप्प्यात नवी गाडी धावायलाही लागली आहे. मामांनी छोट्या लाईनने सबलगढला कितीदा प्रवास केलेला. "डब्यात जागा नसायची, माणसं टपावर. चढ आला की उतरून चालावं, एवढी हळू," ते सांगत होते. "पण गावोगावच्या लोकांना कोर्टकचेरीला, दवाखान्याला, कॉलेजला यायला तीच. आम्हाला तिचा राग कधी आला नाही." घोसीपुरा, मोतीझील, मिलावली अशी शहराजवळची तिची स्टेशनं मामा जपमाळेसारखी म्हणून दाखवत होते, आणि धाकटा वहीत लिहून घेत होता.

दोन्ही गाड्या एकाच माणसाच्या आवडीतून आल्या. एक पाहुण्यांपुढे सुरई फिरवत होती, दुसरी शेतकऱ्याला तालुक्याला नेत होती. मला वाटतं, मुलांना चांदीची गाडी दाखवून तिथेच थांबू नये. ओळखीचं कुणी जुनं ग्वाल्हेरकर असेल तर त्यांच्याशी मुलांची गाठ घालून द्या. नसेल तर रिक्षावाल्या काकांना 'छोटी लाईन' एवढंच म्हणा. पन्नाशीच्या पुढचा असेल तर त्याच्याकडे एखादी आठवण असतेच.

किल्ल्यासाठी दुसरा दिवस ठेवा. वाहन उरवाई दरवाजाकडून वर जातं, पायी चढायचं तर गुजरी महालाच्या बाजूने. राजा मानसिंह तोमराच्या मानमंदिर या महालाच्या भिंतींवर निळ्या-पिवळ्या फरशांची रांग आहे, त्यात बदकं, हत्ती, मगरी, केळीची झाडं. मुलांना शोधायला लावा, वर चढल्याचा शीण जातो. पायी चढलात तर वाटेतलं चतुर्भुज मंदिर चुकवू नका. तिथल्या ८७६ सालच्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे शून्यासकट कोरलेले आहेत. थोरलीने गणिताच्या बाईंना दाखवायला फोटो काढला.

खाण्याचं म्हणाल तर सकाळी बेडई (डाळीचं सारण भरलेली पुरी), कचोरी आणि जिलबी, बाड्याजवळ कुठेही. भाजी तिखट असते, मुलांसाठी दही मागून घ्या. थंडीत गेलात तर मोरेन्याचा गजक (तीळगुळाची कुरकुरीत मिठाई) आणा, पण हातातल्या सामानात ठेवा, बॅगेच्या तळाशी त्याचा भुगा होतो.

आणि जमलं तर दसऱ्याच्या आसपास जा. त्या दिवसांत बाजारात टेसू आणि झांझी मिळतात. टेसू म्हणजे तीन काड्यांच्या तिवईवर बसवलेलं मातीचं मुंडकं, मधे पणती ठेवायची. तो घेऊन मुलगे गाणी म्हणत दारोदार जातात. झांझी म्हणजे भोकाभोकांचं मडकं, आत दिवा, ते मुलींचं. कोजागिरीला दोघांचं लग्न लागतं. मामी सांगत होत्या, त्यांच्या लहानपणी घरात भोंडला आणि दारात टेसूवाली पोरं, दोन्हीकडची गाणी पाठ. आमच्या मुलांना टेसू हवा होता, पण आम्ही गेलो तेव्हा हंगाम सरला होता. तुम्ही वेळेत गेलात तर मातीचं मुंडकं जुन्या सुती कपड्यात गुंडाळून डब्यात आणा, आणि काड्या घरी आल्यावर लावा.