काँगो नदीवरचा ४.८ किलोमीटरचा जोड

गेली चौदा वर्षं मी फायबर, म्हणजे प्रकाशावर इंटरनेट नेणाऱ्या काचेच्या बारीक तारा, जोडतोय. केबल सोलायची, आतली काचेची तार, म्हणजे कोर, पुसायची, क्लीव्हर नावाच्या कटरने सरळ कापायची, स्प्लायसिंग म्हणजे जोडायच्या मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर आली की विजेचा आर्क मारून वितळवून जोडायची, स्क्रीनवर लॉस, म्हणजे जोडात वाया जाणारा प्रकाश, ०.०२ डीबी दिसला की पुढची कोर. जरा धूळ बसली, टोक किंचित तिरकं कापलं गेलं तरी लॉस वाढतो आणि परत पहिल्यापासून. त्यामुळे कुणीतरी दोन टोकांच्या मध्ये ४.८ किलोमीटर नुसती हवा ठेवून जोड मारलाय आणि त्यातून २० जीबीपीएस, म्हणजे सेकंदाला २० गिगाबिट, जातंय हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते परत परत वाचत बसलो होतो.

जागा आहे आफ्रिकेत. काँगो नदीच्या एका काठावर ब्राझाव्हिल, दुसऱ्या काठावर किन्शासा, दोन्ही राजधान्या पण देश वेगळे. या काठावरून त्या काठावरच्या इमारती दिसतात इतकं जवळ. पण मधली नदी जगातली सगळ्यात खोल आणि पाण्याला ओढ भयंकर, तिच्या तळाशी केबल टाकणं सोपं नाही. म्हणून ब्राझाव्हिलपर्यंत आलेलं इंटरनेट समोरच्या किन्शासाला पोचायला ४०० किलोमीटरपेक्षा जास्त वळसा घालून फायबरने जायचं, आणि त्यापायी किन्शासात ते पाचपट महाग पडायचं. दीड कोटीच्या वर वस्तीचं शहर आहे ते! समोर दिसतंय आणि पोचत नाही, यासारखं वाईट काही नसतं.

२०२१ मध्ये गूगलच्या मूळ कंपनीच्या तारा नावाच्या प्रोजेक्टने लिक्विड या तिथल्या टेलिकॉम कंपनीबरोबर दोन्ही काठांवर एकेक टर्मिनल लावलं, साधारण ट्रॅफिक सिग्नलएवढं. फायबर येऊन टर्मिनलला लागतं, तिथून लेझर निघतो, नदी ओलांडून समोरच्या टर्मिनलच्या भिंगावर पडतो आणि पुढे परत फायबर. २० दिवसांत जवळपास ७०० टेराबाइट डेटा गेला, ९९.९ टक्के वेळ लिंक चालू. मी हिशोब करून बघितला, सरासरी ३ जीबीपीएसच्या थोडं वरच येतं, म्हणजे नुसता डेमो नव्हता, खरे लोक वापरत होते. या टीमचे प्रमुख महेश कृष्णस्वामी चेन्नईत वाढलेले. लेझरची मूळ विद्या आली लून प्रोजेक्टमधून, आभाळात सोडलेले फुगे एकमेकांशी लेझरने बोलायचे तो. फुगे २०२१ मध्ये बंद पडले पण लेझर खाली जमिनीवर आला आणि कामाला लागला, मला हे फार आवडतं.

आमच्या ग्रुपवर असलं काही आलं की लगेच सुरू होतं, आता फायबर संपलं, खोदाई संपली. मला ते अजिबात पटत नाही. काचेत १५५० नॅनोमीटरचा प्रकाश किलोमीटरला फक्त ०.२ डीबी गमावतो, म्हणजे १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा शिल्लक. हवेला ते जमणारच नाही. दाट धुक्यात हाच लॉस किलोमीटरला १०० डीबीच्या वर जातो, म्हणजे हजार कोटी भागातला एक भाग पलीकडे पोचला तर पोचला. आणि गंमत म्हणजे पावसाचा एवढा त्रास नाही, धुक्याचा आहे, कारण पावसाचे थेंब मोठे आणि विरळ, धुक्याचे थेंब काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), जवळपास लेझरच्या तरंगलांबीच्या मापाचे आणि संख्येने अगणित, ते प्रकाश चौफेर विखरून टाकतात. म्हणून आंबोलीसारख्या धुक्याच्या ठिकाणी पावसाळ्यात हे लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे, लावलंच तर जोडीला रेडिओ लिंक हवीच.

हवा अगदी स्वच्छ असली तरी ती स्थिर नसते. तापलेल्या रस्त्यावर समोरचं हलताना दिसतं ना, तसाच लेझरचा ठिपकाही थरथरतो, आणि लांब अंतराच्या सिंगल मोड फायबरमध्ये प्रकाश जिथून जातो ती खरी कोर असते ९ मायक्रॉनची. दोन कोरी समोरासमोर आणायला मला मशीन लागतं आणि इथे थरथरणारा प्रकाश एवढ्याशा कोरीत धरून ठेवायचाय. २०२३ मध्ये झुरिकच्या ईटीएच या तंत्र विद्यापीठाच्या लोकांनी युरोपातल्या भागीदारांबरोबर स्वित्झर्लंडमधल्या डोंगरावरचं युंगफ्राउयोख ते बर्नजवळची वेधशाळा असं ५३ किलोमीटर हवेतून एकाच तरंगलांबीवर जवळपास १ टेराबिट प्रति सेकंद पाठवून दाखवलं. त्यात ९७ ठिकाणी हलवता येणारा आरसा होता, हवा जितकी वाकडी करेल तितकं तो सेकंदाला १५०० वेळा सरळ करायचा. माझ्या दृष्टीने ते ५३ किलोमीटरचं स्प्लायसिंगच आहे, फक्त अलाइनमेंट एकदा करून संपत नाही, कायम करत राहावी लागते.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यातली रात्र. कोकणात एका खाडीवरच्या पुलाला बांधलेली आमची केबल, पुरात वाहत आलेल्या झाडाने तोडली. पलीकडची तीन गावं बंद, तिथल्या दवाखान्याचा फोन सारखा येतोय, दुसऱ्या बाजूने रूटच नाही. तार कुठे तुटली ते दाखवणाऱ्या ओटीडीआर मशीनवर कट बरोबर पुलाच्या मध्यावर दिसत होता, पाणी उतरेपर्यंत तिथे जाता येईना. ताडपत्रीखाली बसून नुसतं थांबायचं, दुसरं काही नाही. पाऊस धो धो चालू होता पण धुकं अजिबात नव्हतं, आणि रात्री अडीचला समोरच्या काठावरच्या टॉवरचा लाल दिवा त्या पावसातूनही दिसत होता. मोबाइलच्या नकाशावर अंतर मोजलं, १.३ किलोमीटर.