पोलोला 17 ऐवजी 15 इंची चाकं आणि ऑल-सीझन टायर

जर्मनीत सेकंडहँड घेतलेली फोक्सवॅगन पोलो बऱ्याचदा 215/45 आर17 टायरवर उभी असते, म्हणजे टायर 215 मिलिमीटर रुंद, भिंत त्याच्या 45 टक्के उंच आणि रिम 17 इंची. दिसायला झकास, पण टायरची भिंत जेमतेम 97 मिलिमीटर. दगडी फरसबंदीच्या गल्ल्यांत कंबरेला दणके बसतात, फुटपाथच्या कडेला रिम घासते आणि टायर बदलायची वेळ आली की खिसा हलका होतो. मोठ्या रिमची हौस आपल्या पुण्या-ठाण्यातही जुनीच आहे. शहरात रोज चालणाऱ्या छोट्या गाडीसाठी मात्र 185/65 आर15 वर यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

रिम दोन इंचांनी लहान केली तरी टायरचा बाहेरचा व्यास जवळजवळ तोच राहिला पाहिजे. 215/45 आर17 चा व्यास 625 मिलिमीटर, 185/65 आर15 चा 621.5. फरक 0.6 टक्के, म्हणजे नगण्य. भिंत मात्र 120 मिलिमीटरची होते आणि खड्ड्याचा मार ती झेलते. 185/60 आर15 स्वस्तात मिळतो म्हणून घेतलात तर व्यास 603 वर येईल, साडेतीन टक्क्यांनी कमी. गाडी खाली बसेल, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवेल, आणि तो आकार मंजूर नसेल तर तपासणीत गाडी अडकेल.

मंजूर आकार फारत्सॉयगशाइनमध्ये (गाडीच्या जर्मन नोंदणीपत्रात) शोधू नका, तिथे 15.1 आणि 15.2 या रकान्यांत सहसा एकच आकार लिहिलेला असतो. बाकीचे आकार गाडीसोबतच्या सीओसी कागदात (कंपनीच्या अनुरूपता प्रमाणपत्रात), 35 व्या मुद्द्यात किंवा 52 व्या मुद्द्याच्या शेऱ्यांत सापडतात. टायरसोबत रिमची रुंदी आणि ईटी, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं तो आकडाही जुळला पाहिजे. तिथे 15 इंच नसेल तर विषय सोडून द्या. ताकदवान मॉडेलना मोठे ब्रेक असतात आणि कॅलिपर (ब्रेकची डिस्क पकडणारा भाग) लहान रिमच्या आत मावत नाही.

2017 नंतरच्या पोलोला पाच बोल्ट, 100 मिलिमीटरचं वर्तुळ आणि मधलं भोक 57.1 मिलिमीटर. बाहेरच्या कंपनीच्या रिमचं भोक मोठं असेल तर मध्ये प्लास्टिकची रिंग लागते. ती हरवली की चाक हबवर (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर) नीट मध्यावर बसत नाही आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं. मग बॅलन्सिंग कितीही वेळा करा, उपयोग नाही. बोल्टकडे सर्वात जास्त लक्ष द्या. फोक्सवॅगनच्या मूळ रिमला गोल बुडाचा बोल्ट लागतो, बाहेरच्या बहुतेक रिमना शंकूच्या आकाराचा. दोन्ही एम14 गुणिले 1.5 आट्यांचेच असल्यामुळे चुकीचा बोल्टही बिनतक्रार आत जातो, पण टेकतो फक्त कडेवर आणि चालता चालता सैल होतो. नव्या रिमला शंकूचे बोल्ट बसवले असतील तर जुने पाच डिकीत ठेवा. स्टेपनीला तेच लागतील.

ऑल-सीझन, म्हणजे वर्षभर चालणारा टायर घेताना तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह बघा. नुसतं एम+एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेला टायर 1 ऑक्टोबर 2024 पासून जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर ग्राह्य धरला जात नाही. पकडलं तर 60 युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या वाहतूक-गुन्हे नोंदवहीत एक दंडगुण. भारांक 88 म्हणजे टायरमागे 560 किलो. सीओसीत मागितलेल्या आकड्यापेक्षा कमी चालत नाही. टायरच्या भिंतीवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. चारही टायर एकदमच बदला, कारण पुढे ऑल-सीझन आणि मागे उन्हाळी ठेवले तर ओल्या वळणावर मागची बाजू घसरते.

मात्र ऑल-सीझन ही तडजोडच आहे. कोरड्या, तापलेल्या रस्त्यावर तो उन्हाळी टायरपेक्षा उशिरा थांबतो आणि दाट बर्फात हिवाळी टायरच्या मागे पडतो. कोलोन, फ्रँकफर्ट, हॅम्बुर्गला राहणाऱ्यांना तो पुरतो. दक्षिणेच्या डोंगराळ आल्गॉयमध्ये घर असेल किंवा दर हिवाळ्यात आल्प्समध्ये जात असाल तर वेगळे हिवाळी टायरच घ्या. ऑस्ट्रियात 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल बर्फाळ रस्त्यावर किमान 4 मिलिमीटर खोल नक्षी लागते, म्हणजे अर्धवट झिजलेला ऑल-सीझन तिथे बाद.

बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावू नका. त्याच टॉर्कला बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. एकाआड एक बोल्ट हाताने घट्ट करा, गाडी खाली उतरवा, मग टॉर्क रेंचने 120 न्यूटन-मीटर. सुमारे 50 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. बऱ्याच ऑल-सीझन टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. डावं-उजवं उलटलं तर नक्षी पाणी बाहेर फेकायचं काम नीट करत नाही.

हवा थंड टायरमध्ये, गाडीवरच्या हवेच्या दाबाच्या स्टिकरवर 15 इंचासाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे भरा, 17 चा आकडा नको. पोलोत चाकात वेगळा सेन्सर नसतो. एबीएसच्या सेन्सरवरून चाकांचा वेग ताडून हवेचा अंदाज घेतला जातो. म्हणून हवा भरून झाल्यावरच स्क्रीनवरच्या टायरच्या मेन्यूत जाऊन नवा दाब सेट करा. आधी सेट केलंत तर गाडी चुकीचाच दाब बरोबर धरून बसेल आणि हवा खरोखर कमी झाली तरी दिवा वेळेवर लागणार नाही.