यादीतील चित्रे आणि मेमरीचा हिशेब
अँड्रॉइड ॲपमधील यादी सरकवताना अडखळू लागली की बहुतेक जण नेटवर्कला दोष देतात. माझ्या मते आधी तपासायला हवी ती चित्रांनी अडवलेली मेमरी. ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो जेपेग फाइल म्हणून काही एमबींचाच असला, तरी पडद्यावर दाखवण्यासाठी तो डिकोड केला, म्हणजे फाइलमधून उलगडून पिक्सेलांत मांडला, की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट या हिशेबाने तब्बल ४८ एमबी जागा घेतो. तोच ३०० बाय ३०० च्या चौकोनापुरता डिकोड केला, तर ३ लाख ६० हजार बाइटांत भागते. म्हणून बिटमॅपफॅक्टरीकडून (अँड्रॉइडमधील चित्रे डिकोड करणारा क्लास) आधी केवळ चित्राची मोजमापे घ्यावीत आणि मगच इनसॅम्पलसाइझ, म्हणजे चित्र किती पटीने लहान करून डिकोड करायचे तो आकडा, ठरवावा. ग्लाइड किंवा कॉइल या चित्रे लोड करणाऱ्या तयार लायब्ररी वापरल्यास हे काम त्या स्वतःच करतात.

यादी दाखवणारा अँड्रॉइडचा घटक म्हणजे रिसायकलरव्ह्यू; त्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. पडद्याबाहेर गेलेली ओळ तो पुढच्या नोंदीसाठी पुन्हा वापरतो. त्यामुळे आधीच्या नोंदीचे चित्र आणण्याची विनंती रद्द केली नसेल, तर उशिरा पोहोचलेले चित्र भलत्याच नोंदीपुढे जाऊन बसते. किराणा मालाच्या ॲपमध्ये तूरडाळीच्या नावापुढे क्षणभर साबणाची वडी दिसणे हा दोष मला अडखळण्यापेक्षाही गंभीर वाटतो, कारण त्याने ग्राहकाचा विश्वासच उडतो. ओळीत नवी नोंद भरतानाच जुनी विनंती रद्द करून जुने चित्र पुसावे.